डोक्याला मार लागल्यावर डोळ्यांची जोडी कशी जुळवावी

उसाचा हंगाम सुरू झाला की सोलापूर ते होटगी रस्त्यावर ट्रॉल्यांची रांग लागते आणि दुचाकीवरून पडणारे वाढतात. डोक्याला मुका मार लागतो, सीटी स्कॅन नॉर्मल येतो आणि माणूस घरी परततो. महिना उलटला तरी पेपर हातात घेतला की अक्षरं पळतात, कपाळ ठणकतं, बाजारातल्या गर्दीत गरगरतं. चष्म्याचा नंबरही तोच निघतो. मग घरचे म्हणतात, मनातून काढून टाक.

हे मनाचं नाही. स्कॅनमध्ये रक्तस्राव किंवा हाड मोडलेलं दिसतं. मेंदूला हादरा बसल्यामुळे डोळे वळवण्याच्या कामात झालेला बिघाड दिसत नाही. नंबर तपासताना एकेक डोळा वेगळा पाहतात. बैल दोन्ही धडधाकट असले तरी जोडी जुळली नाही तर औत वाकडं जातं, तसं इथे होतं. मोठ्या माणसांचा त्रास बहुधा दोन आठवड्यांत आणि मुलांचा चार आठवड्यांत ओसरतो. त्यापुढेही टिकला तर पुढची कृती करा.

आधी धोक्याची लक्षणं पाहा. उलट्या थांबत नाहीत, डोकेदुखी वाढत चालली आहे, सारखी गुंगी येते, झटका आला, हातापायातली ताकद गेली, एक बाहुली मोठी दिसते, अचानक दोन-दोन दिसू लागलं, यातलं एक जरी असलं तरी घरगुती तपासणी करत बसू नका. १०८ ला फोन करा आणि सोलापूरचं सिव्हिल गाठा. डोळ्यापुढे वीज चमकल्यासारखं होणं, काळे ठिपके वाढणं किंवा पडदा सरकल्यासारखं वाटणं ही डोळ्याचा आतला पडदा (रेटिना) सुटल्याची खूण असू शकते. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

तसं काही नसेल, पण अधूनमधून दोन दिसत असेल, तर एक डोळा तळहाताने झाका. दोन दिसणारं एक झालं तर बिघाड जोडीत आहे. एका डोळ्यानेही दोन दिसत असतील तर कारण त्या डोळ्यातच शोधावं लागतं, बहुधा नंबर किंवा मोतीबिंदू. जिना उतरताना दोन पायऱ्या दिसत असतील, मान एका बाजूला कलत असेल, तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. डोळ्याच्या एका नसेला मार लागल्याची ती खूण असू शकते आणि ती इजा व्यायामाने बरी होत नाही.

आता मोजमाप. जवळचा चष्मा असेल तर तो लावा. शाळेतली पट्टी भुवयांच्या मधोमध टेकवून दुसऱ्याला धरायला सांगा. पेनाच्या टोकावर बारीक अक्षर चिकटवून हातभर अंतरावरून ते हळूहळू नाकाकडे आणा. अक्षराची दोन होतील तिथलं अंतर लिहा, मग मागे नेताना पुन्हा एक होईल तिथलं. हे तीनदा करा. साधारण ५-६ सेंटिमीटरपर्यंत एक दिसायला हवं. १० च्या पुढेच दोन होत असतील, किंवा दर वेळी अंतर वाढत असेल, तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. नुसतं 'दिसत नाही' म्हणू नका. डोळ्यांची जोडी, जवळचा फोकस आणि थेंब घालून पडदा, हे तिन्ही तपासा, असं स्पष्ट सांगा.

डॉक्टरांनी होकार दिला की व्यायाम. घरात सर्वांत कामाचा दोऱ्याचा. हातभराच्या जाड दोऱ्यात लाल, हिरवा, पिवळा असे तीन मणी ओवा. एक टोक खिडकीच्या गजाला बांधा, दुसरं नाकाच्या शेंड्याला ताणून धरा. मधल्या मण्याकडे पाहिलं की तो मणी एकच, बाकीचे दोन-दोन, आणि दोरे दोन होऊन बरोबर त्या मण्यावर फुली मारताना दिसले पाहिजेत. फुली मण्याच्या पलीकडे पडली तर डोळे पुरेसे आत वळत नाहीत. एकच दोरा दिसला तर मेंदूने एका डोळ्याचं चित्र बंद केलं आहे. मणी बदलत दोन-तीन मिनिटं, दिवसातून दोनदा करा. डोकं दुखू लागलं की थांबा. जोर लावून पाहणं इथे उलटं पडतं.

नुसती पेन्सिल नाकाजवळ आणण्याच्या व्यायामावर माझा फारसा भरवसा नाही. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १२ आठवड्यांत तज्ज्ञांसमोर व्यायाम केलेल्या सुमारे ७३ टक्के मुलांना गुण आला, घरी पेन्सिलीने सुमारे ४३ टक्के. ती मुलं डोक्याला मार लागलेली नव्हती, पण बिघाड याच जातीचा होता. जमेल तेव्हा तज्ज्ञाकडेच करा.

बाकी पथ्य थोडं. पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मग हळूहळू कामाला लागा. आठवडे अंधाऱ्या खोलीत पडून राहू नका. घरात काळा गॉगल नको, त्याने उजेड अधिकच खुपू लागतो. उन्हात टोपी घाला. होटगी स्टेशनवरून गाडीने जाताना खिडकीबाहेरचे पळते खांब पाहू नका. दोन दिसणं पूर्ण थांबून डॉक्टर हो म्हणेपर्यंत दुचाकी आणि ट्रॅक्टरला हात लावू नका.

आणि शिक्षकांना विनंती: पडून आल्यावर एखादं मूल वाचनात मागे पडलं, ओळ चुकवू लागलं, तर त्याला आळशी ठरवू नका. पालकांना बोलवा आणि ही पट्टीची तपासणी करून घ्यायला सांगा.