सात क्रमांकाची जर्सी : मॅगी अल्फोन्सी हिची कारकीर्द

आपल्याकडे रग्बी हा खेळ फारसा परिचित नाही. म्हणून इंग्लंडची खेळाडू मॅगी अल्फोन्सी हिच्या कारकिर्दीकडे वळण्यापूर्वी खेळाची थोडी ओळख करून देणे आम्हांस आवश्यक वाटते. प्रत्येक संघात पंधरा खेळाडू असतात. लंबगोल चेंडू प्रतिपक्षाच्या अंतिम रेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकविला की पाच गुण मिळतात. त्यास ‘ट्राय’ म्हणतात. चेंडू पायाने पुढे मारता येतो, पण हाताने पुढे फेकता येत नाही. तो मागच्या किंवा बाजूच्या सहकाऱ्याकडेच द्यावा लागतो. साहजिकच चेंडू हाती राखून पुढे जायचे तर धावले पाहिजे, आणि धावणाऱ्यास रोखायचे तर अंगाने भिडून त्यास खाली पाडले पाहिजे. कबड्डीतील पकड ज्यांनी केली आहे त्यांना हे सहज उमजेल. फरक एवढाच, की येथे समोरची व्यक्ती पूर्ण वेगाने अंगावर येत असते.

या पंधरांत सात क्रमांकाची जर्सी घालणाऱ्या खेळाडूचे काम कष्टाचे. स्क्रमच्या गर्दीतून सर्वांआधी सुटायचे, चेंडू घेतलेल्यास गाठून पाडायचे आणि लगेच उठून जमिनीवरचा चेंडू हिसकावून घ्यायचा. गुणफलकावर या कामाची नोंद होत नाही. मॅगीने आपल्या देशासाठी हेच काम ७४ आंतरराष्ट्रीय सामन्यांत केले. शिवाय २८ ट्रायही केले, पण तिचा दरारा होता तो पकडींमुळे. ‘मॅगी द मशीन’ हे तिचे टोपणनाव प्रसिद्ध आहे. आम्हांस ते फारसे रुचत नाही. कोणत्या क्षणी कोणाला भिडायचे हे क्षणार्धात ठरविणारी बुद्धी यंत्राला नसते.

मॅगीचा जन्म १९८३ सालचा, लंडनमधला. जन्मतःच तिचे एक पाऊल आत वळलेले होते. नायजेरियन वंशाच्या आईने तिला उत्तर लंडनच्या एडमंटन या श्रमिकांच्या वस्तीत एकटीने वाढविले. वाकडे पाऊल घेऊन जन्मलेली कृष्णवर्णीय मुलगी पुढे विश्वविजेती झाली, ही कथा क्रीडापत्रकारांनी पुष्कळ वेळा सांगितली आहे आणि ती खरीही आहे. मात्र इतिहासाचे अभ्यासक म्हणून आम्हांस ती अपुरी वाटते. जिद्द पुष्कळांजवळ असते. त्या जिद्दीला मैदान कोणी मिळवून दिले, हा प्रश्न या कथेत बहुधा विचारलाच जात नाही.

तिच्या शाळेत शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका होत्या लिझा बर्जेस. त्या स्वतः वेल्सच्या आंतरराष्ट्रीय खेळाडू होत्या. १९८७ साली वेल्सच्या महिलांनी इंग्लंडविरुद्ध पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला, त्या संघात त्या होत्या आणि पुढे संघाच्या कर्णधारही झाल्या. या मुलीच्या अंगातील रग कोठे कामी येईल हे त्यांनी ओळखले आणि तिला रग्बीची वाट दाखविली. सॅरासेन्स या क्लबात मॅगी घडली. वेल्सच्या शिक्षिकेने इंग्लंडला ही खेळाडू दिली आणि तिच्या इंग्लंडने पुढे वेल्सला अनेकदा हरविले, यातील गंमत वाचकांच्या ध्यानी येईलच. वेल्सच्या महिलांना इंग्लंडवरील पहिला विजय मिळाला तो २००९ साली, तोही अवघ्या एका गुणाने.

परंतु शिक्षिकेने वाट दाखवावी, तर वाट अस्तित्वात असावी लागते. महिलांचा पहिला विश्वचषक १९९१ साली वेल्समध्ये झाला, तो आंतरराष्ट्रीय मंडळाच्या अधिकृत मान्यतेवाचून. डेबोरा ग्रिफिन, सू डॉरिंग्टन, अ‍ॅलिस कूपर आणि मेरी फोर्सिथ या लंडनच्या रिचमंड क्लबाशी संबंधित चार स्त्रियांनी तो घडवून आणला. बारा देशांचे संघ आले. सोव्हिएत संघाच्या खेळाडूंजवळ परकीय चलन नव्हते. खर्च भागविण्यासाठी विकावयास त्यांनी व्होडका आणि माशांच्या अंड्यांचे डबे सोबत आणले होते. अंतिम सामन्यात अमेरिकेने इंग्लंडला १९–६ असे हरविले. बर्जेस त्या स्पर्धेत वेल्सकडून खेळल्या. मॅगी तेव्हा सात वर्षांची होती.

२००३ साली ती इंग्लंडकडून प्रथम खेळली. २००६ ते २०१२ अशी सलग सात वर्षे युरोपातील सहा राष्ट्रांची स्पर्धा इंग्लंडने जिंकली. तो या संघाचा भरभराटीचा काळ. विश्वचषक मात्र हुलकावणी देत राहिला. २००६ साली कॅनडातील एडमंटन शहरी न्यूझीलंडने अंतिम सामना २५–१७ असा जिंकला. (हे शहर लंडनच्या एडमंटनवरूनच नाव घेऊन वसले, असा हा योगायोग.) २०१० साली स्पर्धा इंग्लंडमध्येच होती. घरच्या प्रेक्षकांसमोर इंग्लंड पुन्हा न्यूझीलंडकडूनच १३–१० असे हरले. तीन गुण! त्या पराभवानंतर इंग्लंडच्या रग्बी लेखक मंडळाने आपला ‘पॅट मार्शल’ पुरस्कार मॅगीला दिला. तोवर हा मान एकाही स्त्रीला मिळाला नव्हता.

२०१४ साली फ्रान्समध्ये न्यूझीलंडला आयर्लंडने साखळीतच धक्का दिला आणि ते उपांत्य फेरी गाठू शकले नाहीत. इंग्लंडने उपांत्य सामन्यात आयर्लंडला आणि १७ ऑगस्टला पॅरिसमधील अंतिम सामन्यात कॅनडाला २१–९ असे नमविले. १९९४ नंतर, वीस वर्षांनी, चषक इंग्लंडकडे आला. न्यूझीलंडशी गाठ न पडता मिळालेला म्हणून हा विजय उणा ठरविणारे लोकही आहेत. आमच्या मते समोर आलेल्यास हरविणे एवढेच खेळाडूच्या हाती असते.

या विजयी संघाची कर्णधार केटी मॅक्लीन प्राथमिक शाळेत शिकवीत असे. सोफी हेमिंग पशुवैद्य, तर मार्ली पॅकर नळजोडणीचे काम करणारी. खेळणे हा त्यांच्या उपजीविकेचा व्यवसाय नव्हता. रजा काढून, नोकरीच्या आगेमागे सराव करून त्या जगज्जेत्या झाल्या. इंग्लंडच्या रग्बी संघटनेने पंधरा खेळाडूंच्या खेळासाठी महिलांना पूर्णवेळ वेतनाचे करार दिले ते २०१९ साली. तोवर मॅगी निवृत्त होऊन चार वर्षे उलटली होती. तिच्या पिढीने कमावले ते पुढच्या पिढीच्या पदरी पडले, आणि याची भरपाई कोणत्याही पुरस्काराने होत नाही, असे आम्हांस स्पष्टपणे नमूद करावेसे वाटते.

निवृत्तीनंतर तिने गोळाफेकीत रिओ ऑलिंपिक गाठण्याचा प्रयत्न केला. तो साधला नाही. २०१५ साली पुरुषांच्या विश्वचषकाच्या वेळी आयटीव्ही वाहिनीवर ती खेळाचे विश्लेषण करू लागली. पुरुषांच्या सामन्याविषयी स्त्रीने बोलावे, हे काही प्रेक्षकांना पचायला वेळ लागला. ती बोलत राहिली.

ज्या गावाने या खेळाला नाव दिले त्या इंग्लंडमधील रग्बी गावी २०१६ साली जागतिक संघटनेचे कीर्तिदालन उघडले. त्याच वर्षी मॅगी अल्फोन्सीचा त्यात समावेश झाला. लिझा बर्जेस यांना तो मान मिळाला २०१८ साली, विद्यार्थिनीनंतर दोन वर्षांनी.