अंडी त्याची, दोष माझ्या कोंबडीला

माझी तांबडी पूर्ण मुदतभर टोपलीत बसली, दाण्यापाण्याला उठायची तेवढीच, आणि तरीही तिच्याखालची नऊ अंडी वाया गेली. ती तिच्यामुळे गेली नाहीत. हे एकदा लिहून ठेवायलाच हवं, कारण आमच्या गल्लीत अजूनही "तुमची कोंबडी नीट बसली नाही म्हणे" असं विचारणारे आहेत. ही बातमी गल्लीत कुणी पोचवली तेही मला ठाऊक आहे.

आमच्याकडे 2006 पर्यंत कोंबड्या होत्या. त्या वर्षी फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू निघाला, मार्चमध्ये तो जळगाव जिल्ह्यात आला आणि महिनाअखेरीला आमच्याच बऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या इच्छापुरात. तिकडच्या परसातल्या कोंबड्या मारून पुरल्या. आमच्या दारात कुणी आलं नव्हतं, पण सासूबाईंनी त्या धसक्यानं खुराडंच मोडलं. त्यामुळे कोंबडी बसवताना मी बघितलं होतं, माझ्या हातानं ती कधी बसवली नव्हती. पुन्हा कोंबड्या आणल्या त्या अलीकडे, आणि तांबडी होळीनंतर खुडूक झाली. पिसं फुलवून कोपऱ्यात बसली, हात लावला की गुरगुरायची, चोच मारायची. अंडी काढून घेतली तरी रिकाम्या जागेवर बसून राहायची.

तिच्याखाली साधी गावठी अंडी ठेवण्यापेक्षा कडकनाथची ठेवू, असं घरात ठरलं. यात वेडेपणा काही नव्हता. कडकनाथची कोंबडी स्वतः क्वचितच खुडूक होते. झाबुआकडच्या भिल्ल-भिलाला घरांत तिची अंडी दुसऱ्या कोंबडीखालीच उबवतात. पण 2018 मध्ये झाबुआच्या कडकनाथला जीआय मानांकन मिळालं, 2022 मध्ये झाबुआहून दोन हजार पिल्लं धोनीच्या रांचीच्या फार्मवर गेली, आणि तेव्हापासून ज्याच्याकडे पत्र्याची शेड आणि चार काळे कोंबडे, तो कडकनाथवाला. आमच्या शहराबाहेरही असा एक आहे. नाव लिहीत नाही.

त्यानं मला आधी कोंबडे दाखवले. खरोखर काळे, तुरा जांभळट, पायसुद्धा शिसवी. कोंबड्याही त्यांच्यातच फिरत होत्या. अंडी मात्र आतून, ट्रेमधून आली. चाळीस रुपयाला एक. "भाभीजी, सब फर्टाइल माल है, नब्बे परसेंट गारंटी." आता काहीजण म्हणतात, अंडी एकसारखी तपकिरी आणि मोठी होती तेव्हाच कळायला हवं होतं. कडकनाथचं अंडं लहान असतं, रंगाला फिकट बदामी, हे मला आज कळतं; पण डोळ्यांसमोर काळा कोंबडा फिरत असताना ट्रेवर संशय घेणारा माणूस मला दाखवा.

तांबडीची सगळी तयारी मी रावेरच्या आत्यांना फोनवर विचारून केली. जिन्याखालची अंधारी जागा, पसरट टोपली, तळाशी जरा ओलसर माती, तिच्यावर चुलीची राख आणि निंबाचा वाळका पाला, वर भाताचं पराळ. राख सोडू नका. पिसवा झाल्या की कितीही कडक खुडूक कोंबडी अंडी टाकून उठते. कोंबडीला रात्री उचलून नव्या जागी ठेवायचं, दिवसा नाही. दिवसा ती जुन्या जागेकडे पळते. आणि लगेच चांगली अंडी द्यायची नाहीत. दोन-तीन दिवस कसलीही टाकाऊ अंडी द्यायची, ती ठाम बसली की रात्री बदलायची. आत्यांनी टोपलीत एक लोखंडी खिळाही ठेवायला लावला, मेघगर्जनेनं अंडी बिघडू नयेत म्हणून. चैत्रात बऱ्हाणपुरात कसली मेघगर्जना! पण ठेवला. खिळ्यानं नुकसान काही होत नाही.

त्या नऊ अंड्यांबरोबर मी शेजारच्या घरची तीन गावठी अंडीही ठेवली होती, त्यांच्यावर पेन्सिलीनं फुल्या मारून. टोपलीत जागा होती म्हणून ठेवली, एवढंच कारण. पुढे त्या तीन अंड्यांनीच माझी बाजू राखली.

आठवडा उलटल्यावर रात्री दिवे मालवून अंडी बॅटरीवर बघितली. पुठ्ठ्याला रुपयाएवढं भोक पाडायचं, खाली मोबाइलची बॅटरी लावायची आणि अंड्याचं बोथट टोक त्या भोकावर धरायचं. पहिलं फुलीचं अंडं धरलं. आत लाल शिरांचं कोळ्याच्या जाळ्यासारखं जाळं आणि मधोमध एक काळा ठिपका, तोही हलत होता. मी ह्यांना हाक मारून बोलावलं. दुसरं फुलीचं तसंच, तिसरंही. मग शेडवाल्याचं धरलं. नुसता पिवळा उजेड. दुसरं, पिवळा उजेड. तपकिरी कवचातून नीट दिसत नाही म्हणतात, म्हणून आणखी दोन दिवस थांबून पुन्हा बघितलं. फुलीच्या अंड्यांत आता निम्म्याहून जास्त भाग काळा झाला होता आणि ही नऊ तशीच्या तशी.

त्याच वेळी एका अंड्याच्या कुशीला काहीतरी दिसलं. जांभळट, पुसट, अर्धवट गोल. बोट फिरवलं तर निघेना. शिक्का होता, ओल्या फडक्यानं पुसलेला. दुकानात खोक्यातून मिळणाऱ्या तपकिरी अंड्यांवर असतो तसा. ही लेयर फार्मची अंडी. तिथे पिंजऱ्यात माद्याच असतात, कोंबडा नसतोच. अशा अंड्यावर कोंबडीच काय, हत्ती बसवला तरी पिल्लू निघणार नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन दोन अंडी बशीत फोडली. बलक धड, पांढरं पाण्यासारखं पातळ झालेलं, रक्ताचा एक धागा नाही. जीव धरून मधेच मेलेल्या अंड्यात रक्ताची कडी दिसते. इथे धरायला जीवच नव्हता.

फोटो काढले आणि शेडवाल्याकडे गेले. तो कसा वागला ते ऐका. आधी म्हणाला, "मुर्गी में गरमी नहीं होगी." मी तीन अंड्यांचं सांगितलं, त्याच कोंबडीखालची, त्याच टोपलीतली. तेव्हा म्हणाला, बॅटरीच्या उजेडानं अंडी मरतात. मग बाकीची तीन कशी जगली? यावर त्यानं शिक्क्याचा फोटो बघितला, फोन परत दिला आणि समोर बसलेल्या दोन गिऱ्हाइकांकडे बघून म्हणाला, घरात कुणा अशुद्ध बाईची सावली पडली असेल. ती दोघं हसली. माझं वय पन्नाशीपुढचं. त्यातून मी एकटी गेले होते, ह्यांना बरोबर नेलं असतं तर हे वाक्य त्याच्या तोंडून निघालं नसतं. शेवटी त्यानं कडकनाथची पिल्लं "आपके लिए" स्वस्तात देऊ केली. पैसे परत नाहीतच. बिल मागितलं तर म्हणाला, अंड्यांचं कुठे बिल असतं?

तीन फुल्यांची तीनही पिल्लं एकविसाव्या दिवशी बाहेर आली. आदल्या दिवसापासून अंड्यातून चिवचिव ऐकू यायची आणि तांबडी हळू आवाजात उत्तर द्यायची. कोंबडीत ऊब नाही म्हणणाऱ्यानं ते यायला हवं होतं ऐकायला.

आता ज्यांना पहिल्यांदाच कोंबडी बसवायची आहे त्यांच्यासाठी. बारा-तेरा अंड्यांवर जाऊ नका, कडेची थंड पडतात. सगळी एकाच रात्री ठेवा. बसलेल्या कोंबडीखाली दुसरी कोंबडी येऊन अंडं घालून जाते, म्हणून खुणा हव्यातच. अंडी आठवड्यापेक्षा शिळी नकोत, धुतलेली नकोत, फ्रिजमधली तर नकोच. साठवताना निमुळतं टोक खाली. आणि आपल्याकडच्या उन्हाची गोष्ट वेगळी आहे: साधारण 20-21 अंशांच्या वर अंड्यातला जीव हलायला लागतो, पण नीट वाढायला त्याला साडेसदतीस अंशांच्या आसपासची ऊब लागते. पत्र्याखाली पडून राहिलेलं अंडं अर्धवट जागं होऊन मरतं. पारा 44 वर जातो त्या दिवसांत, नवतप्यात तर मुळीच, कोंबडी बसवू नका. दिवाळीनंतरचे महिने चांगले. मी होळीनंतर बसवली कारण ती तेव्हा खुडूक झाली. तिला पंचांग कोण दाखवणार?

रोज एकदा ती उठते, पंधरा-वीस मिनिटं. उठली नाही तर उचलून दाण्यापाशी ठेवा, नाहीतर टोपलीतच घाण करते. शेवटचे तीन दिवस तिला अजिबात छेडू नका. हवा कोरडी असेल तर टोपलीभोवतीच्या मातीवर कोमट पाणी शिंपडा. पिल्लानं कवचाला टोच मारली की आपल्या नखानं सोलायला जाऊ नका. अर्धा दिवस लागला तरी लागू द्या, शिरा सुकायच्या असतात. बाहेर आल्यावर दिवसभर ते काही खात नाही, त्याच्या पोटात बलक असतो. मग ज्वारीची किंवा मक्याची बारीक कणी आणि पाणी पसरट झाकणात, तेही खडे टाकून. उघड्या वाटीत पिल्लं बुडतात. मांजर, मुंगूस, घार यांच्याबद्दल नवीन काय सांगणार! रात्री डालगं झाकून वर दगड ठेवा.

मानमोडीची लस, म्हणजे लासोटा, पाचव्या ते सातव्या दिवसात द्या. अडचण अशी, की लासोटाची कुपी निदान शंभर पिल्लांची असते आणि विरघळवल्यावर तासा-दोन तासांतच संपवावी लागते. तीन पिल्लांसाठी ती फोडायला दवाखान्यात तोंडं वाकडी करतात. गल्लीतल्या चार घरांनी ठरवून एकाच आठवड्यात कोंबड्या बसवल्या तर हे सोपं जातं. आमच्या गल्लीला हे सांगून झालं, पण गल्ली तांबडीच्या बातमीतच रमली आहे.

उबवायची अंडी विकत घेणार असाल तर व्हॉट्सअॅपवरचे फोटो, नव्वद टक्क्यांच्या गारंट्या, सगळं बाजूला ठेवा. 2019 मध्ये सांगली जिल्ह्यात इस्लामपूरला कडकनाथच्याच नावावर शेतकऱ्यांचे कोट्यवधी रुपये अडकले, तिथे तर छापील करार होते. जमलं तर अंडी त्या घरून घ्या जिथे कोंबडा त्याच कळपात फिरतो, दहा माद्यांना एक तरी. नाहीतर एक अंडं जास्तीचं घ्या, त्याचे पैसे द्या आणि विकणाऱ्याच्या समोर बशीत फोडा. बलकावर पांढरा ठिपका असतो. ठिपक्याभोवती स्पष्ट गोल कडी दिसली तर अंडं फळलेलं. नुसता वेडावाकडा, लहान, घट्ट पांढरा डाग असेल तर ते आम्लेटचं. चाळीस रुपये जातील, जाऊ द्या. फोडू देत नसेल तर पैसे काढू नका, आणि "सावली पडली" म्हणाला तर अंडी तिथेच ठेवून सरळ बाहेर या.