माळावरची पंगत

शेतकऱ्याचा म्हातारा बैल मरे, त्या दिवशी त्या घरात चूल धड पेटत नसे. ज्याने वर्षानुवर्षे नांगर ओढला, मोट ओढली, लग्नाच्या वरातीत ज्याच्या गळ्यात घुंगरमाळा बांधल्या, त्यालाच दोराने बांधून गावाबाहेरच्या माळावर ओढीत न्यावे लागे. माणसे डोळे पुसत माघारी फिरत. आणि मग माळावर निराळ्याच मंडळींची वर्दळ सुरू होई. १९८० च्या सुमारापर्यंत महाराष्ट्रातील खेड्यांतून हे दृश्य नेहमीचे होते.

प्रथम निळ्या आकाशात एक काळा ठिपका दिसे. तो गोल गोल घिरट्या घाली. मग दुसरा ठिपका, तिसरा, चौथा. पाहता पाहता आकाशात जणू मोठे रहाट फिरू लागे आणि थोड्याच वेळात पंख फडफडवीत, मान पुढे काढून, गिधाडांचे थवे माळावर उतरत. मग जी पंगत बसे, तिला पंगत म्हणणेही कठीण! ढकलाढकली, चोचाचोची आणि कर्कश फिसकारणे यांचा एकच कल्लोळ उडे. तथापि काम मोठे चोख होई. गिधाडांचा मोठा थवा असला, तर बैलाएवढ्या जनावराची तासाभरात केवळ हाडे उरत, आणि तीही स्वच्छ. ती हाडे गोळा करून खताच्या कारखान्यांना विकणारी माणसे होती. त्यांचाही चरितार्थ या पंगतीवर चाले.

गिधाड हा पक्षी कोणाला आवडत नाही. आवडावा असे त्याच्यात वरवर पाहता काही नाही. मोराचा पिसारा नाही, कोकिळेचा कंठ नाही; मान उघडीबोडकी, चाल बेंगरूळ, आणि अन्न तर असे की नाव काढताच नाक मुरडावे. दुसऱ्याच्या संकटावर डोळा ठेवणाऱ्या लोभी माणसाला ‘गिधाडासारखा टपून बसला आहे’ असे आपण म्हणतो. वास्तविक ही उपमा गिधाडावर अन्याय करणारी आहे. कारण ते जिवंत प्राण्याच्या वाटेस सहसा जात नाही. रामायणकर्त्याला मात्र या पक्ष्याची थोरवी दिसली होती. सीतेला पळवून नेणाऱ्या रावणाशी एकट्याने झुंजणारा जटायू हा गृध्रच, म्हणजे गिधाडच होय. नाशिक जिल्ह्यात इगतपुरी तालुक्यातील टाकेद येथे तो पडला, असे लोक श्रद्धेने सांगतात.

त्या बोडक्या मानेकडे नीट पाहिले, तर ती कुरूपता नसून सोय आहे हे ध्यानात येते. मान मृत जनावराच्या शरीरात खोल घालावी लागते. तिच्यावर दाट पिसे असती, तर ती रक्ताने माखून सडली असती. पंखांची लांबी अशी की दोन्ही पसरले असता दोन मीटरांहून अधिक भरते. उन्हाने तापलेल्या जमिनीवरील हवा हलकी होऊन वर चढू लागली, म्हणजे तिच्यावर हे पंख नुसते पसरून गिधाड तासन् तास तरंगते. पंख मारण्याचे श्रम त्याला क्वचितच पडतात. आपल्याकडील गिधाडे वासावरून अन्न शोधीत नाहीत, तर दृष्टीने शोधतात. शिवाय प्रत्येकाचे एक लक्ष खाली जमिनीवर, तर दुसरे शेजारच्या गिधाडावर असते. एक खाली उतरू लागले की ते दूरचे दुसरे पाहते, दुसऱ्याला तिसरे पाहते, आणि अशा रीतीने कोणी निरोप न धाडता पंगतीचे आमंत्रण दूरवर पोहोचते. त्याच्या जठरातील आम्ल तर इतके तीव्र असते की सडक्या मांसातील बहुतेक रोगजंतूंचा तेथेच शेवट होतो. जे मांस खाऊन दुसरा प्राणी आजारी पडेल, ते याच्या अंगी लागते.

आता असा प्रश्न मनात येईल की, हे सर्व कशासाठी? त्याचे उत्तर शोधण्यासाठी माळावरून थोडे दूर जावे लागेल.

१८६६ साली एर्न्स्ट हेकेल या जर्मन शास्त्रज्ञाने एका नव्या शास्त्राला नाव दिले. ग्रीक भाषेत घराला ‘ऑइकॉस’ म्हणतात. त्यावरून त्याने ‘इकॉलॉजी’ हा शब्द घडविला. मराठीत त्यास परिस्थितिविज्ञान म्हणतात. परंतु हेकेलच्या मनातला अर्थ ‘घरसंसाराचे शास्त्र’ हा होता. एका घरात कोण कमावतो, कोण रांधतो, कोण केर काढतो, आणि एकाच्या वागण्याचा दुसऱ्यावर काय परिणाम होतो, हे जसे पाहावे, तसे सृष्टीच्या घरात पाहणे हे या शास्त्राचे काम. पुढे १९३५ साली टॅन्स्ली या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने अशा एकेका घरास, म्हणजे तेथील सजीव आणि माती, पाणी, हवा, ऊन या सर्वांच्या मिळून होणाऱ्या व्यवस्थेस, एक नाव दिले. त्यासच आपण परिसंस्था म्हणतो. गावचे तळे ही एक परिसंस्था. गावाबाहेरचा माळ ही दुसरी.

या संसारात कमावते एकच, हिरव्या वनस्पती. सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने हवापाण्यापासून अन्न तयार करण्याची विद्या त्यांनाच साधली आहे. बैल ते गवत खातो, वाघ हरणाला खातो, आणि खाल्लेल्यातला थोडाच भाग अंगी लागून बाकीचा श्वासोच्छ्वासात आणि हालचालीत खर्च होतो. म्हणूनच गवत उदंड, हरणे त्याहून कमी आणि वाघ अगदी थोडे, असा हिशेब सर्वत्र आढळतो. पण सृष्टीच्या वहीत आणखी एक पान आहे, ते आपण सहसा उघडीत नाही. जे जे जन्मते ते मरते. आणि मेलेले जागच्या जागी पडून राहिले, तर त्याच्यातील द्रव्ये पुन्हा मातीत आणि हवेत कशी मिळणार? ती न मिळाली, तर पुढच्या वर्षीचे गवत कशावर वाढणार? हे काम बुरशी, सूक्ष्मजंतू, किडे आणि गिधाडासारखे सफाई करणारे प्राणी करतात. घरात स्वयंपाक करणाऱ्यांची वाखाणणी होते, उष्टी काढणाऱ्यांची होत नाही. सृष्टीच्या घरातही माणसाने तीच रीत पाळली आहे.

अशी लहानमोठी सर्व घरे मिळून जे एक विशाल घर होते, त्याला जीवावरण म्हणतात. पृथ्वीवर जेथवर जीवसृष्टी पोहोचली आहे तेवढा भाग म्हणजे जीवावरण. ‘बायोस्फिअर’ हा त्याचा मूळ शब्द ऑस्ट्रियातील भूवैज्ञानिक एडुआर्ड झ्यूस याने १८७५ साली योजिला, आणि रशियातील व्लादिमिर व्हर्नाड्स्की याने १९२६ साली त्यावर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला. या आवरणाच्या वरच्या टोकाची साक्ष एका गिधाडानेच दिली आहे. १९७३ साली आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट या देशावर, सुमारे ३७,००० फूट उंचीवर, एका विमानावर एक पक्षी आदळला. सापडलेल्या पिसांवरून तो आफ्रिकेतील एका जातीचे गिधाड असल्याचे ठरले. ती उंची ११ किलोमीटरांहून अधिक भरते. उलट बाजूला महासागराच्या सर्वांत खोल गर्तेत, तितक्याच खोलीवर, लहान जलचर आढळतात. म्हणजे सारे मिळून जेमतेम बावीस किलोमीटर जाडीचा थर! पृथ्वीची त्रिज्या सुमारे ६,३७१ किलोमीटर आहे. एक मीटर त्रिज्येचा पृथ्वीचा गोल केला, तर त्यावर जीवावरणाची साल साडेतीन मिलिमीटरही भरणार नाही. सारी अरण्ये, सारे मासे, सारी माणसे या सालीत सामावलेली आहेत.

या सालीच्या एका कोपऱ्यात, भारतीय उपखंडात, विसाव्या शतकाच्या अखेरीस एक विलक्षण घटना घडली. राजस्थानात भरतपूर येथे केवलादेव हे पाणपक्ष्यांसाठी प्रसिद्ध असलेले राष्ट्रीय उद्यान आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनी तेथे १९८७-८८ साली पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घरटी मोजली, तेव्हा ३५३ जोड्या आढळल्या. सुमारे नऊ वर्षांनी त्यांनी पुन्हा मोजणी केली; जोड्या निम्म्याहूनही कमी झाल्या होत्या. झाडांवर गिधाडे माना खाली टाकून बसलेली दिसत आणि काही दिवसांनी खाली पडून मरत. आणखी काही वर्षांनी तेथे त्यांचे एकही घरटे उरले नाही. देशात इतरत्र मोजणी झाली, तेव्हा सगळीकडे तोच प्रकार आढळला. १९९२ साली जेथे पांढऱ्या पाठीची हजार गिधाडे होती, तेथे २००७ साली एक उरले. लांब चोचीची आणि बारीक चोचीची गिधाडे शंभरातून तीनच्या आसपास राहिली.

कारण काही केल्या सापडेना. एखादा साथीचा रोग असावा, असा बहुतेकांचा तर्क होता. कोणी कीटकनाशकांवर संशय घेई. अखेर लिंडसे ओक्स या अमेरिकन पशुवैद्यकतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातील मेलेल्या गिधाडांची तपासणी करून २००४ साली कोडे सोडविले. अनेक गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली होती आणि आतील अवयवांवर खडूसारखा पांढरा थर साचला होता. ज्यांच्या ठायी ही लक्षणे आढळली, त्या सर्वांच्या शरीरात एकच औषध सापडले, डायक्लोफेनॅक.

हे औषध विष म्हणून कोणी बनविले नव्हते. ते वेदना शमविणारे औषध आहे. माणसे सांधेदुखीवर ते घेतात. १९९० नंतरच्या दशकात ते स्वस्त झाले आणि गुराढोरांनाही देण्यात येऊ लागले. लंगडणाऱ्या बैलाचे दुखणे पाहवत नाही, म्हणून शेतकरी ते टोचून घेई. बैलाला आराम पडे. परंतु सुई टोचल्यावर थोड्याच दिवसांत जे जनावर मरे, त्याच्या मांसात औषधाचा अंश राही, आणि तो अंश गिधाडाला मारक ठरे. यात दुष्ट कोणीच नव्हते. होती ती मुक्या जनावराविषयीची दयाच. औषध बैलाला मानवते की नाही हे पाहिले गेले. बैलाच्या मागून कोण जेवणार आहे, हे पाहण्याचे कोणाला सुचले नाही.

असे औषध सर्वच मेलेल्या जनावरांत होते असेही नाही. शास्त्रज्ञांनी हिशेब केला, तेव्हा दिसून आले की शंभर मृत जनावरांपैकी एकातही ते नसले, दोनशे-तीनशेंत एकात असले, तरी गिधाडांचा असा संहार होण्यास ते पुरेसे होते. याचे कारण ती पंगत! एका पानावर जेवणारे कित्येक. एका जनावरात विष असले की ते साऱ्या थव्याच्या वाट्यास येई. आमंत्रण दूरवर पोहोचविण्याची जी हातोटी युगानुयुगे त्यांच्या उपयोगी पडली, तीच आता घातास कारण झाली.

माळावर जनावरे पडतच होती. ती खाण्यास आता कुत्री जमली. कुत्र्याला गिधाडाएवढी झटपट सफाई येत नाही; अर्धवट खाल्लेली शरीरे दिवसचे दिवस सडत पडत, ओढ्यानाल्यांच्या पाण्यात घाण उतरे. आयते अन्न मिळाल्याने भटक्या कुत्र्यांची संख्या वाढली आणि त्यांच्याबरोबर रेबीजचे भयही वाढले. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी, जेथे पूर्वी गिधाडे पुष्कळ होती असे जिल्हे आणि जेथे ती मुळातच थोडी होती असे जिल्हे यांची तुलना केली. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की, २००० ते २००५ या काळात गिधाडांच्या अभावी सुमारे पाच लाख माणसे अधिक मृत्यू पावली. मुंबईत पारशी समाजापुढे निराळीच अडचण उभी राहिली. मृतदेह अग्नीला, मातीला किंवा पाण्याला न देता पक्ष्यांच्या स्वाधीन करावा, अशी त्यांची पूर्वापार चाल. मलबार हिलवरील डुंगरवाडीत गिधाडे येईनाशी झाली, तेव्हा सूर्यकिरण एकवटणारे आरसे तेथे बसवावे लागले. एका पक्ष्याचे काम किती घरांत शिरलेले होते, ते असे तो गेल्यावर कळून आले.

२००६ साली भारत सरकारने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. मेलॉक्सिकॅम नावाचे दुसरे वेदनाशामक गिधाडांना अपाय करीत नाही, हेही तोपर्यंत सिद्ध झाले होते. म्हणजे बैलाचे दुखणे थांबविण्याचा मार्ग बंद झाला नाही. तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या आणून त्या गुरांना टोचण्याचे प्रकार चालू राहिले. तेव्हा २०१५ साली त्या कुपीचे माप ३ मिलिलीटरवर आणण्यात आले. तसाच घात करणारी आणखी दोन औषधे २०२३ साली जनावरांसाठी बंद झाली. हरियाणात पिंजोर येथे गिधाडांचे संगोपन केंद्र आहे. तेथे वाढविलेली वीस गिधाडे २०२४ च्या आरंभी महाराष्ट्रात आणण्यात आली; लांब चोचीची दहा पेंच येथे आणि पांढऱ्या पाठीची दहा ताडोबा येथे. मोकळ्या आकाशाची सवय व्हावी म्हणून त्यांना प्रथम मोठ्या पिंजऱ्यांत ठेवले होते.

हे काम सावकाश चालणारे आहे. चिमणी एका हंगामात दोनदा-तीनदा पिल्ले काढते. गिधाडाची मादी वर्षातून एकच अंडे घालते. आईबाप दोघेही आळीपाळीने ते उबवितात. पिल्लू अंड्यातून बाहेर पडल्यावर काही महिने घरट्यातच राहते आणि त्याला स्वतःचे घरटे बांधण्याजोगे वय येण्यास सुमारे पाच वर्षे लागतात. या वर्षी एखाद्या उंच झाडावर जे पिल्लू जन्मास येईल, ते आपले पहिले अंडे घालील, तेव्हा आज हा पाठ वाचणारी मुले शाळा सोडून कॉलेजात जाऊ लागलेली असतील.