पुस्तक पोचले, पण ऐकणारे कोण?



मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा चंदगड तालुक्यातील आमच्या संपर्कातल्या एका शाळेचे पुस्तकांचे कपाटही कुलूपबंद झाले. त्या कपाटात आपल्यापैकी काहींच्या देणगीतून आलेली गोष्टींची पुस्तके होती. त्या पुस्तकांचे पुढे काय झाले आणि त्यात माझी कोठे चूक झाली, ते या पाठात सांगायचे आहे. ती चूक आजही कोणाच्याही हातून होऊ शकते.

फोन न पोचणारी घरे

‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही त्या वर्षीची सरकारी मोहीम आपल्याला आठवत असेल. दीक्षा ॲपवर धडे होते, व्हॉट्सॲपवर स्वाध्याय येत होते. शिक्षकांनी मनापासून धडपड केली. पण चंदगडच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या माथ्यावरच्या धनगरवाड्यांत फोन असलाच तर तो वडिलांबरोबर कामावर जायचा आणि रेंजसाठी टेकडी चढावी लागायची. जून ते सप्टेंबर इथला पाऊस कसा असतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना अधिक सांगायला नको. सप्टेंबर २०२० मधील ‘असर’ पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात शाळेत जाणाऱ्या सुमारे ६२ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. म्हणजे दहांपैकी जवळजवळ चार मुलांच्या घरी तो नव्हताच.

माझी चूक

जुलैमध्ये मुख्याध्यापकांच्या परवानगीने आम्ही कपाट उघडले. पुस्तकांना वर्तमानपत्राची वेष्टणे घातली, ती दोन पत्र्याच्या पेट्यांत भरली आणि मंडळीतल्या तरुणांनी मोटारसायकलवरून वाड्यावाड्यांवर नेली. परत आलेली पुस्तके आम्ही तीन दिवस वेगळी ठेवत असू. पेट्या भरलेल्या जात आणि रिकाम्या येत. किती पुस्तके वाटली, तो आकडा मी दर आठवड्याला अहवालात लिहीत होते. मनात समाधान होते.

ऑगस्टमध्ये मी स्वतः एका वाड्यावर गेले. दुसरीत गेलेल्या एका मुलीने चुलीवरच्या माळ्यावरून प्लास्टिकची पिशवी काढली. ओल लागू नये म्हणून पुस्तक तिथे जपून ठेवले होते. “वाच पाहू,” मी म्हणाले. तिने घडाघडा गोष्ट सांगितली. मला आनंद झाला. मग सहज मी एका शब्दावर बोट ठेवले. ती गप्प झाली. दुसऱ्या शब्दावर ठेवले, तरीही गप्प. तिने सगळी गोष्ट चित्रांवरून रचली होती. फेब्रुवारीत हीच मुलगी अक्षरे जुळवून वाचत होती, हे मला ठाऊक होते.

तिची आजी शेजारीच बसली होती. ती म्हणाली, “आमाला वाचाय येत न्हाई, बाई. बरोबर वाचती का चुकती, आमी काय सांगणार?”

त्या रात्री मला प्रेषितांची कृत्ये, आठवा अध्याय आठवला. कूशी अधिकाऱ्याजवळ यशयाचा ग्रंथ होता. तो वाचतही होता, तेही मोठ्याने, कारण फिलिप्पाला ते ऐकू आले. तरीही समजावून सांगणारे कोणी नसल्यामुळे तो अडला होता. फिलिप्प रथाजवळ धावत गेला, त्याने विचारपूस केली आणि बोलावल्यावर तो त्याच्याजवळ जाऊन बसला. आम्ही रथापर्यंत पुस्तक नेले होते. जवळ बसायचे मात्र राहून गेले होते.

मग आम्ही काय बदलले?

पहिले, प्रत्येक वाड्यावर एक ‘ऐकणारा’ नेमला. वसतिगृहे बंद झाल्याने नववी-दहावीची मुले-मुली घरी आली होती. रोज संध्याकाळी ओसरीवर अंतर ठेवून बसायचे आणि लहानग्याने वाचलेले पान ऐकायचे, एवढेच त्यांचे काम. चुकले तर ओरडायचे नाही. तो शब्द आपण वाचून दाखवायचा आणि मुलाकडून पुन्हा वाचून घ्यायचा.

दुसरे, आजी-आजोबांना कामाला लावले. ज्यांना अक्षर येत नाही त्यांनाही “मग पुढं काय झालं?” असे विचारता येते. त्या एका प्रश्नामुळे मूल अर्थाकडे वळते. घरातली बोली आणि पुस्तकातली मराठी यांत अंतर आहे. म्हणून गोष्ट आधी घरच्या बोलीत सांगायची आणि मग पुस्तकातून वाचायची, असा क्रम ठेवला.

तिसरे, पुस्तके निवडून दिली. इयत्ता न पाहता, मुलाला आज किती वाचता येते ते पाहून. चौथीतल्या मुलाला एका पानावर एक ओळ असलेले पुस्तक देण्यात कमीपणा नाही.

चौथे, नोंदवहीत एक रकाना वाढवला. पूर्वी नाव, पुस्तक आणि तारीख होती. आता ‘कोणाला वाचून दाखवले?’ हा रकाना आला. तो कोरा असेल तर पुस्तक पोचले, असे धरायचे नाही.

हा प्रश्न नवा नाही

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ च्या सुमारास आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. पण शाळा सोडल्यावर शिकलेले विसरले तर उपयोग काय, असा प्रश्न उभा राहिला. म्हणून १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावले. पुढे संस्थानच्या गावोगावी लाकडी पेट्यांतून फिरती ग्रंथालये जाऊ लागली. आमच्या पत्र्याच्या पेट्यांची वाट शंभर वर्षांपूर्वीच कोणी तरी चालून गेले होते.

वाचन विसरते, हे आता आकड्यांतही दिसले आहे. ‘असर’नुसार देशाच्या ग्रामीण भागात दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीची मुले २०१८ मध्ये २७.३ टक्के होती. २०२२ मध्ये ती २०.५ टक्क्यांवर आली आणि २०२४ मध्ये २७.१ टक्के झाली. म्हणजे सहा वर्षांनी आपण होतो तिथेच परत आलो. मधल्या वर्षांत जी मुले मागे पडली, ती मात्र पुढच्या वर्गांत ढकलली गेली आहेत. त्यांना शोधून जवळ बसवणे हे काम अजून उरले आहे.

त्या मुलीला डिसेंबरपर्यंत पुन्हा वाचता येऊ लागले. तिच्या रकान्यात बहुतेक दिवशी ‘आजी’ असे लिहिलेले आहे, तिच्याच अक्षरात. सगळ्यांचे असे झाले नाही. त्याच वाड्यावरचा आठवीतला एक मुलगा गोव्याला कामाला गेला. शाळा सुरू झाल्या तरी तो परतला नाही. त्याच्या नावापुढे एका पुस्तकाची नोंद अजून तशीच आहे. ते पुस्तक मी मागितलेले नाही.

आपल्यासाठी विचार

१. आपल्या घरातले किंवा शेजारचे मूल शेवटचे कधी आपल्याला वाचून दाखवत होते?

२. मंडळीच्या कपाटात पडून असलेली कोणती पुस्तके मुलांच्या हाती जाऊ शकतील?

३. आठवड्यातून अर्धा तास फक्त ऐकण्यासाठी आपण देऊ शकतो का?

आपण पाठवलेल्या पुस्तकांबद्दल आम्ही आभारी आहोत. पुढेही पाठवा. पण त्याहून जास्त गरज आपल्या कानांची आहे. वाड्यांवरच्या त्या ‘ऐकणाऱ्या’ मुला-मुलींसाठी आणि गोव्याला गेलेल्या त्या मुलासाठी प्रार्थना करावी, ही विनंती.