धम्मपाठ : निर्वासितांच्या सेवेस निघण्यापूर्वी



आपल्या जुन्या समाजात दानाला पात्र कोण, हे जात ठरवीत असे. धम्मात ते गरज ठरविते. परंतु युद्धाच्या प्रदेशात निर्वासितांसाठी मदत घेऊन जायचे, तर करुणा एकटी पुरत नाही. तिच्या जोडीला प्रज्ञा हवी. कंबोडियाच्या उदाहरणावरून हे समजून घेऊ.

१९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूज राजवटीने तेथील विहार ओस पाडले, भिक्षूंना चीवर उतरविण्यास भाग पाडले. उपासमार, रोग आणि कत्तल यांत लक्षावधी माणसे मेली. जानेवारी १९७९ मध्ये व्हिएतनामच्या सैन्याने ही राजवट उलथली. मग हिवतापाने व भुकेने खंगलेले लोक थायलंडच्या सीमेकडे लोटले. ऑक्टोबर १९७९ मध्ये सा केओ येथे छावणी उघडली. तीत निरपराध कुटुंबे होती, तसेच ख्मेर रूजचे सैनिक व म्होरकेही होते. मग अन्न कोणाला द्यावे?

भिक्खू महाघोषानंद यांचे कुटुंब याच राजवटीत मारले गेले होते. तरीही ते त्या छावणीत गेले आणि मेत्त सुत्ताची छापील पत्रके त्यांनी सर्वांना वाटली. पुढे पीटर पाँड या ख्रिस्ती धर्मसेवकाबरोबर त्यांनी निर्वासितांसाठी कार्य केले. भुकेल्याला त्याचा पक्ष वा धर्म विचारू नये, हा यातील पहिला धडा होय.

दुसरा धडा वाटपाचा. म्होरक्यांच्या हाती धान्य दिले, की ते लढणाऱ्यांकडे वळते. म्हणून डिसेंबर १९७९ पासून नोंग चान येथे कंबोडियातून बैलगाड्या व सायकली घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यांना तांदूळ थेट देण्यात आला. १९८० मध्ये पेरणीसाठी भाताचे बियाणेही दिले. सीमेवरील काही छावण्यांत तर तांदूळ स्त्रियांच्या व मुलींच्याच हाती देण्याची पद्धत ठेवली, कारण बंदूक धरणारे बहुतेक पुरुष होते.

भुकेल्या शत्रूलाही घास द्यावा. परंतु इतरांच्या अन्नाची किल्ली त्याच्या हाती देऊ नये.

म्हणून निघण्यापूर्वी पुढील गोष्टी ठरवाव्यात :

१. सरकारची परवानगी घ्यावी आणि तेथे आधीपासून काम करणाऱ्या संस्थेला काय हवे ते विचारावे. जुन्या कपड्यांची गाठोडी न विचारता नेऊ नयेत.

२. छावणीवर खरी सत्ता कोणाची, हे जाणून घ्यावे. विधवा, एकटी मुले व आजारी यांच्यापर्यंत वस्तू कशी पोहोचेल, ते आधी ठरवावे.

३. डॉक्टर, परिचारिका, भाषा जाणणारे यांनी जावे. इतरांनी घरी राहून पैसा जमवावा. तेही दानच आहे.

४. मदतीच्या बदल्यात दीक्षेची अपेक्षा ठेवू नये. भाकरीसाठी घेतलेले शरण हे शरण नव्हे. आपण स्वतः विचारपूर्वक दीक्षा घेतली आहे, हे विसरू नये.

५. परत आल्यावर पै-पैचा हिशेब विहारात सर्वांसमोर वाचावा.

कुटुंबात चर्चेसाठी प्रश्न : ज्याने आपले घर जाळले, त्याचे मूल छावणीत उपाशी असेल, तर आपण त्याला काय द्याल? आणि ते कोणाच्या हातून द्याल?