सोनपाखरू आणि रिकामी बाटली

बाभळीवरचे हिरवे सोनपाखरू काडेपेटीत पाळले नाही, असे आपल्यापैकी खेड्यातून आलेले फार थोडे निघतील. त्याच्याच कुळातला जुलोडिमॉर्फा हा तपकिरी भुंगेरा पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या रुक्ष, खुरट्या झुडपांच्या प्रदेशात राहतो. मादी मोठी व जड, ती जमिनीवरच असते; नर उडत उडत तिला शोधतो. तिची खूण म्हणजे चकाकणारा तपकिरी रंग आणि पाठीवरचे बारीक खळगे.

डोंगारा गावाजवळ रस्त्याकडेला टाकलेल्या बिअरच्या बाटल्यांवर हे नर चढलेले डॅरिल ग्विन व डेव्हिड रेंट्झ या कीटकशास्त्रज्ञांना आढळले. बाटल्या तपकिरी, तळाशी बारीक उंचवट्यांच्या ओळी! त्यांनी मुद्दाम चार बाटल्या उघड्यावर ठेवल्या. अर्ध्या तासात दोहोंवर नर आले, आणि ओढून काढल्याखेरीज हलेनात. उंचवटे नसलेल्या वाईनच्या बाटलीकडे मात्र कोणी फिरकले नाही. ही निरीक्षणे १९८३ साली प्रसिद्ध झाली.

पक्षी स्वतःचे अंडे सोडून मोठ्या कृत्रिम अंड्यावर बसू पाहतात, हे टिनबर्गन यांनी पूर्वीच दाखवले होते. येथेही तेच घडले. किडा मूर्ख नव्हे. अशी फसवी वस्तू त्याच्या माळावर पूर्वी कधी नव्हतीच.

२०११ साली या संशोधनाला 'इग नोबेल' हे विनोदी पारितोषिक मिळाले. हसू येते खरे. परंतु एका बाटलीवरच्या नराला मुंग्या चावत होत्या, तरी तो तेथून हलला नव्हता. आणि जवळच दुसरा नर मरून पडला होता, मुंग्यांनी झाकलेला.