आधी गेन, मग फेडर



मागील स्नेहसंमेलनात दुसरीतील एका मुलीने गोष्ट सांगायला सुरुवात केली. पहिल्या चार रांगांपलीकडे ती कुणालाच ऐकू येईना. मागून "मोठ्याने, मोठ्याने!" असा गलका झाला. ती गोंधळली आणि गोष्ट अर्धवट टाकून आत गेली. त्या दिवशी मिक्सरवर मी बसलो होतो. मुलीचे काहीच चुकले नव्हते, चूक माझी होती. तुमच्यापैकी काही जण यंदा मिक्सर सांभाळणार आहेत, म्हणून हा पाठ.

गेन म्हणजे काय?

माईक आवाजाचे रूपांतर विजेच्या अतिशय क्षीण संकेतात करतो. साध्या डायनॅमिक माईकमधून नेहमीच्या बोलण्याला एखाद-दोन मिलिव्होल्ट मिळतात. मिक्सरच्या आतले काम मात्र सुमारे १ व्होल्टच्या पातळीवर चालते. म्हणजे संकेत कित्येक शे पटींनी वाढवावा लागतो. ते काम प्रत्येक चॅनेलच्या अगदी वरच्या टोकाचा नॉब करतो. तोच गेन. काही मिक्सरवर त्याला 'ट्रिम' म्हणतात. खालचा सरकता फेडर हा नंतरचा टप्पा आहे. तयार झालेला संकेत एकूण मिश्रणात किती घ्यायचा, एवढेच तो ठरवतो.

ही वाढ डेसिबलमध्ये मोजतात. ६ डेसिबल म्हणजे व्होल्टेज दुप्पट, २० म्हणजे १० पट, ४० म्हणजे १०० पट आणि ६० म्हणजे १००० पट.

गेन कमी पडला, तर पुढे वाढवताना आवाजाबरोबर मिक्सरची खरखरही वाढते. गेन जास्त झाला, तर संकेताचे शेंडे छाटले जातात आणि आवाज फाटतो. मग फेडर खाली आणून उपयोग नाही. उतू गेलेले दूध गॅस बारीक केल्याने पातेल्यात परत येत नाही.

माझे काय चुकले?

गेन मी नववीच्या पोवाडा गाणाऱ्या मुलाच्या आवाजावर लावला होता. त्याच माईकवर ही चिमुरडी आली. स्टँडही त्याच्याच उंचीचा राहिला. मी फेडर पूर्ण वर सरकवला, पण बहुतेक मिक्सरवर फेडर शून्याच्या वर १० डेसिबलच देतो, म्हणजे जेमतेम तिप्पट. मग घाईने गेन वाढवला. गेनचा परिणाम रंगमंचावरच्या मॉनिटर स्पीकरवरही होतो, हे त्या क्षणी ध्यानात राहिले नाही. कर्कश शिट्टी वाजली आणि मूल घाबरले.

खरा उपाय सोपा होता. स्टँड खाली करायचा. तोंड आणि माईक यांतील अंतर निम्मे केले की साधारण ६ डेसिबल मिळतात. ४० सेंमीचे १० सेंमी केले असते, तर १२ डेसिबल, म्हणजे चौपट संकेत मिळाला असता, तोही गेनला हात न लावता.

कृती

१. सर्व फेडर खाली, गेन पूर्ण डावीकडे, बास-ट्रेबलचे नॉब मध्यावर ठेवा.

२. माईक तोंडापासून ८ ते १० सेंमीवर ठेवा. कार्यक्रमात जे म्हणायचे तेच, तितक्याच जोरात म्हणायला सांगा. "हॅलो, वन-टू-थ्री" नको. ते सगळेच पुटपुटतात!

३. त्या चॅनेलचे पीएफएल बटण दाबा. फेडर खाली असतानाही त्या एकाच माईकची पातळी मीटरवर दिसते.

४. गेन हळूहळू वाढवा. नेहमीच्या आवाजाला मीटर शून्याच्या आसपास आणि जोराच्या शब्दाला +६ पर्यंत जावा. लाल दिवा लागला, तर गेन थोडा कमी करा.

५. पीएफएल सोडा आणि फेडर सावकाश शून्याच्या खुणेकडे न्या. गेन कुठे ठेवला ते वहीत लिहा.

तबल्याची थाप क्षणिक असते. मीटरचा काटा ती पुरती दाखवत नाही, म्हणून तिथे गेन कमीच ठेवून लाल दिव्यावर लक्ष ठेवा. डिजिटल मिक्सरवर शून्य ही शेवटची मर्यादा असते, म्हणून तिथे सरासरी −१८ च्या आसपास राहू द्या. मोबाइल किंवा संगणक लाइन इनपुटलाच जोडा.

पालक व विश्वस्तांस विनंती

आवाजाची तपासणी पडदा उघडल्यावर होत नाही. प्रत्येक कलाकाराला, विशेषतः लहानग्यांना, एक तास आधी माईकसमोर उभे राहण्याची संधी द्यावी. सर्वांना एकच गेन हा न्याय नव्हे. हळू बोलणाऱ्या मुलाचाही शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचला पाहिजे.

ती मुलगी आता तिसरीत आहे. यंदा पुन्हा गोष्ट सांगायला ती तयार झाली आहे. गेनच्या वहीत पहिली ओळ तिच्यासाठी राखून ठेवली आहे.

स्वाध्याय

१. माईकमधून २ मिलिव्होल्ट मिळतात. गेन ४० डेसिबल ठेवल्यास संकेत किती होईल?

२. कार्यक्रम चालू असताना आवाज थोडा कमी-जास्त करायचा झाल्यास गेनऐवजी फेडर का वापरावा?